भरतीत बुडणारी माणसं: समुद्रातली शिल्पं, स्थलांतर आणि किनारा

निशिगंध

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या उत्तरेला क्रॉस्बीचा किनारा आहे. तिथल्या वाळूत अँटनी गॉर्मली या शिल्पकाराचे १०० ओतीव लोखंडी पुतळे रोवलेले आहेत. सगळे नग्न, सगळे समुद्राकडे तोंड करून उभे. गॉर्मलीने स्वतःच्या शरीराचे १७ साचे घेतले आणि त्यांतून हे शंभर जण ओतून घेतले. प्रत्येकाची उंची १८९ सेंमी आणि वजन ६५० किलो. साधारण तीन किलोमीटरच्या पट्ट्यात ते विखुरलेत, आणि सर्वांत लांबचे काठापासून जवळजवळ एक किलोमीटर आत आहेत. शिल्पसमूहाचं नाव 'अनदर प्लेस'.

भरती लागली की लांबचे आधी जातात. गुडघे, कंबर, छाती, मग फक्त डोकी. लिव्हरपूलच्या उपसागरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, त्यामुळे तासाभरापूर्वी ज्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहता येत होतं तो आता दिसतही नाही. सहा तासांनी तो परत येतो, अंगावर नवं शेवाळ आणि कवचं घेऊन.

हे पुतळे क्रॉस्बीसाठी घडवलेले नव्हते. १९९७ मध्ये ते जर्मनीत कुक्सहाफेनला होते, मग नॉर्वेत स्टाव्हांगरला, मग बेल्जियममध्ये डे पान्नला, आणि २००५ मध्ये क्रॉस्बीला आले. तिथूनही जाणारच होते. २००७ मध्ये त्यांना कायम राहायची परवानगी मिळाली. म्हणजे शिल्पच देशोदेशी फिरत आलं आणि शेवटी एका जागी स्थिरावलं. जागाही कुठली, तर मर्सी नदीचं मुख. १८३० ते १९३० या शंभर वर्षांत लिव्हरपूलहून सुमारे ९० लाख माणसं अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. त्या सगळ्यांच्या जहाजांनी याच पाण्यातून वाट काढली.

माझं म्हणणं असं: शिल्प पाण्यात ठेवलं म्हणून ते समुद्राचं होत नाही. समुद्राने त्याला काहीतरी करायला हवं, आणि ते काम कलाकाराने जाणूनबुजून समुद्राकडे सोपवलेलं असायला हवं. गॉर्मलीने ते केलंय. निघून जाणाऱ्याची ताटातूट तिथे पुतळ्याच्या चेहऱ्यावर कोरलेली नाही, चेहरे जवळपास कोरेच आहेत. ती भरती दाखवते.

उलट लांझारोतेच्या 'म्युझिओ अटलांटिको'बद्दल माझं मन द्विधा आहे. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरच्या, स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं हे पाण्याखालचं संग्रहालय २०१६ पासून उभं राहत गेलं. शिल्पकार जेसन डिकेअर्स टेलर. बारा-चौदा मीटर खोलीवर तीनशेहून जास्त मानवी आकृती आहेत. त्यात 'द राफ्ट ऑफ लाम्पेदूसा' नावाचं शिल्प आहे: रबरी होडीत दाटीवाटीने बसलेली निर्वासित माणसं. फोटो पाहिला की हलायला होतं. पण ते बघायला जाणारा माणूस तिकीट काढून, पाठीवर हवेची टाकी लावून, सुट्टीवर असताना खाली उतरतो. हे बरोबर आहे का? तुमची मतं वाचायला आवडतील.

---

दर्यावर्दी

निशिगंध, सुंदर लिहिलंय. मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आहे, पश्चिम आफ्रिकेचा किनारा ओळखीचा आहे. त्या 'राफ्ट'च्या नावाबद्दल एक गोष्ट सांगतो. ती कळल्यापासून त्या शिल्पाकडे बघण्याची माझी नजर बदलली.

नावात दोन संदर्भ आहेत. लाम्पेदूसा हे इटलीचं बेट. ३ ऑक्टोबर २०१३ ला त्याच्याजवळ एक बोट बुडून ३६८ माणसं गेली. दुसरा संदर्भ जेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या 'मेदुसाचा तराफा' या चित्राचा, जे १८१९ मध्ये पूर्ण झालं आणि आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. 'मेदुस' हे फ्रेंच जहाज १८१६ मध्ये सेनेगलची वसाहत ताब्यात घ्यायला निघालं होतं. ते आर्गँच्या उथळ पट्ट्यावर रुतलं. होड्या पुरेशा नव्हत्या, म्हणून तराफा बांधला आणि त्यावर सुमारे १५० माणसं चढवली. अधिकारी होड्यांमध्ये बसले. होड्यांनी तराफा ओढत न्यायचा असं ठरलं होतं, पण थोड्याच वेळात दोर सोडून दिला गेला. १३ दिवसांनी तराफा सापडला तेव्हा १५ जण जिवंत होते.

आता नकाशा उघडा. आर्गँचा पट्टा मॉरिटानियाच्या किनाऱ्याला लागून आहे. कॅनरी बेटांकडे येणाऱ्या होड्या आज ज्या किनाऱ्यांवरून सुटतात त्यांत मॉरिटानिया अगदी वरच्या क्रमांकावर आहे. २०२४ मध्ये समुद्रमार्गे कॅनरी बेटांवर ४६ हजारांहून जास्त माणसं पोचली, हा तिथला उच्चांक होता. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी ज्या पाण्यात युरोपातले अधिकारी दोर सोडून निघून गेले, त्याच पाण्यातून आजच्या होड्या युरोपकडे येताहेत, आणि त्या चित्रावर बेतलेलं शिल्प त्याच वाटेच्या टोकाला समुद्रतळाशी ठेवलंय. नाव लाम्पेदूसाचं असलं तरी जागा अचूक आहे. कलाकाराने हे मोजूनमापून केलं की जुळून आलं, मला त्याने फरक पडत नाही.

समुद्रावर अशी होडी रडारवर धड दिसत नाही. लाकूड आणि रबराचा प्रतिध्वनी फार क्षीण असतो, लाटांच्या गोंगाटात हरवतो. या होड्यांचं पाण्यावर न दिसणं हीच त्यांची मोठी शोकांतिका आहे. त्यामुळे कोणी मुद्दाम खाली उतरून ती होडी पाहत असेल, तर तो सुट्टीवर आहे की नाही हे मला दुय्यम वाटतं.

---

शेवाळ

सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे मी पुतळ्यांपेक्षा पुतळ्यांवरच्या रहिवाशांबद्दल लिहिणार.

क्रॉस्बीच्या पुतळ्यांवर जे बार्नॅकल (खडकांना, जहाजांना कायमचे चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) वाढतात त्यांत एक जात मूळची ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची आहे: ऑस्ट्रोमिनियस मॉडेस्टस. ब्रिटनमध्ये तिची पहिली नोंद १९४५ ची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांबरोबर ती आली असं मानलं जातं. ओळखायला सोपी: तिथल्या मूळच्या बार्नॅकलच्या कवचाला सहा पाट्या असतात, हिला चार. या पुतळ्यांवर संशोधकांनी प्रयोगही केलाय. बार्नॅकल खरवडून जागा मोकळी केली आणि तिथे आधी कोण येऊन बसतं ते पाहिलं. जागा रिकामी झाली की ही परदेशी जात ती फार पटकन बळकावते.

निशिगंध, तुम्ही म्हणालात की समुद्राने शिल्पाला काहीतरी करायला हवं. लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या माणसांची आठवण देणाऱ्या पुतळ्यांवर, त्याच जलमार्गांनी उलट दिशेने आलेले जीव घर करून आहेत. मला यापेक्षा नेमकं काही सुचत नाही. यातलं काहीही कलाकाराने योजलेलं नव्हतं.

पण 'शिल्प टाकलं, जीवसृष्टी बहरली' ही जाहिरात ऐकली की सावध व्हायला हवं. कठीण पृष्ठभाग ही समुद्रात दुर्मीळ गोष्ट असते. बहुतेक तळ वाळूचा किंवा गाळाचा. तिथे काहीही कठीण ठेवलं की वर काहीतरी वाढणारच आणि मासे जमणारच. प्रश्न असा की ते मासे तिथे नव्याने जन्मले की आसपासचे येऊन गोळा झाले? दुसरी गोष्ट खरी असेल तर मासे उलट एका जागी सापडतात आणि जास्त सहज पकडले जातात. हा वाद कृत्रिम खडकांच्या अभ्यासात कित्येक दशकं चालू आहे आणि त्याचं उत्तर जागेगणिक, जातीगणिक बदलतं.

फ्लोरिडात १९७० च्या दशकात कृत्रिम खडक म्हणून सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले होते. बांधलेले गठ्ठे सुटले, टायर प्रवाहाबरोबर फिरू लागले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आदळून त्यांनाच मोडू लागले. ते अजूनही काढताहेत. चांगल्या हेतूने टाकलेली वस्तूही समुद्रात कचरा होऊ शकते.

टेलरची शिल्पं त्या मानाने विचारपूर्वक केलेली आहेत हे मान्य करते. साधं सिमेंट सुरुवातीला फार अल्कधर्मी असतं, त्यावर जीव बसायला वेळ लागतो. तो सागरी पाण्याशी जुळणारं, तितकं अल्कधर्मी नसलेलं ('पीएच न्यूट्रल') सिमेंट वापरतो, पृष्ठभाग खरखरीत ठेवतो, आणि शिल्पं शक्यतो उजाड वाळूवर मांडतो. लांझारोतेच्या शिल्पांच्या आसपास एंजल शार्क दिसल्यात. ही जात अतिसंकटग्रस्त आहे आणि कॅनरी बेटं तिचा शेवटचा मोठा आसरा मानली जातात. पण एंजल शार्क वाळूत पुरून घेऊन भक्ष्याची वाट पाहणारी. तिला पुतळे नकोत, वाळू हवी. 'उजाड' वाळू उजाड नसते, हे कलाकारांना आणि पर्यटन खात्यांना कुणीतरी पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

---

ओतारी

शेवाळ यांच्या पोस्टला जोडून धातूबद्दल. माझं आयुष्य भट्टीजवळ गेलंय.

खाऱ्या पाण्यात ओतीव लोखंड साध्या पोलादापेक्षा वेगळ्या तऱ्हेने झिजतं. त्यात ग्राफाइटच्या पापड्या असतात. लोखंड विरघळून निघून जातं आणि ग्राफाइटची जाळी मागे राहते. त्यामुळे आकार बराच काळ टिकतो, पण आतला जीव गेलेला असतो. शतकं समुद्रतळाशी पडलेल्या तोफा वर काढल्या तर अगदी जशाच्या तशा दिसतात आणि चाकूने खरवडता येतात. पूर्ण बुडालेलं लोखंड साधारण वर्षाला दशांश मिलिमीटर झिजतं असं आम्ही ढोबळमानाने धरतो. जिथे पाणी आणि हवा आलटूनपालटून लागतात तिथे झीज कितीतरी जास्त. क्रॉस्बीचे पुतळे नेमके त्याच पट्ट्यात आहेत. गॉर्मलीने रंग नाही लावला, जस्ताचा मुलामा नाही दिला. हे पुतळे संपणार आहेत आणि ते त्याला चालणार आहे. ओतकाम करणारा माणूस म्हणून मला हा निर्णय फार मोठा वाटतो. आम्हाला टिकण्याची सवय असते.

कांस्याची गोष्टही सांगतो. इटलीत सान फ्रुत्तुओसोजवळ १९५४ मध्ये ग्वीदो गालेत्तीचा 'पाताळातला ख्रिस्त' सतरा मीटर खोलीवर बसवला. अडीच मीटरची मूर्ती, दोन्ही हात वर उचललेले. कांस्य समुद्रात लोखंडापेक्षा कितीतरी चांगलं टिकतं. तरी २००३ मध्ये मूर्ती वर काढून दुरुस्त करावी लागली. गंज होताच, शिवाय नांगर लागून एक हात निखळला होता. पाण्याखालच्या शिल्पाचा खरा शत्रू बहुतेक वेळा नांगर असतो. त्यामुळे अशी कुठलीही योजना वाचली की मी आधी बघतो: नांगर न टाकता होड्या बांधायला तरंगते बोये ठेवलेत की नाही? नसतील तर त्या योजनेत समुद्राचा विचार झालेलाच नाही.

---

मुक्ता

चर्चा छान चालली आहे, पण मला ती फार लवकर बार्नॅकलकडे वळल्यासारखी वाटते. माणसांकडे परत येऊ.

आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या नोंदींनुसार २०१४ पासून भूमध्य समुद्रात २८ हजारांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. बहुतेकांचे देह सापडलेच नाहीत. हा समुद्र स्मशान झालेला असताना त्यात सिमेंटची माणसं मांडायची हे मला पचत नाही. पाण्याखाली ज्यांची खरी शरीरं आहेत त्यांना नावं आहेत, घरं आहेत. पुतळ्याला नाव नाही.

२०१९ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात क्रिस्टोफ ब्युशेल या कलाकाराने एक खरी बोट ठेवली होती, 'बार्का नोस्त्रा'. १८ एप्रिल २०१५ ला लिबिया आणि लाम्पेदूसाच्या मधे ती बुडाली. वाचले फक्त २८. मेलेल्यांचा आकडा सातशेपासून हजाराच्या पुढे सांगितला जातो. इटलीने २०१६ मध्ये ती सुमारे ३७० मीटर खोलीवरून वर काढली. व्हेनिसमध्ये तिच्यापासून काही पावलांवर लोक कॉफी पीत होते, जवळ माहितीचा फलकही नव्हता. मला ते असह्य वाटलं.

पण त्याच बोटीभोवती दुसरंही काम झालंय, ज्याची चर्चा कमी होते. मिलान विद्यापीठाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या क्रिस्तिना कत्तानेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या देहांची ओळख पटवण्याचं काम हाती घेतलं. खिशात सापडलेल्या वस्तू, कागद, दात, हाडं. स्मारक म्हणायचं तर मी याला म्हणेन.

समुद्रात काही ठेवायचंच असेल तर कसं ठेवावं याचा एक नमुना माझ्यासमोर आहे. 'हेन्रिएटा मरी' हे गुलामांचा व्यापार करणारं इंग्रजी जहाज १७०० मध्ये फ्लोरिडाच्या की वेस्टजवळ बुडालं. १९९३ मध्ये कृष्णवर्णीय पाणबुड्यांच्या अमेरिकी संघटनेने त्या जागी तळाशी एक साधी स्मृतिशिला बसवली. काँक्रीट आणि त्यावर कांस्याची पाटी, रोख आफ्रिकेच्या दिशेने. एकही मानवी आकृती नाही. ज्यांचे पूर्वज अशा जहाजांतून आणले गेले त्यांनीच खाली उतरून ती बसवली. कोण ठेवतंय, हे मला शिल्प कसं दिसतं यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

---

रानवारा

मुक्ता, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. वाचत आहे.

---

निशिगंध

मुक्ता, तुमचा मुद्दा मनाला लागला. 'कोण ठेवतंय' हा प्रश्न मी मूळ लेखात घेतलाच नव्हता.

तरी एक उलट उदाहरण मांडते. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाच्या मोलिनेर उपसागरात टेलरने २००६ पासून शिल्पं ठेवली. त्यांतलं 'व्हिसिसिट्यूड्स' सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलं असेल: हात धरून वर्तुळात उभी असलेली मुलं, तोंडं बाहेरच्या बाजूला. त्याचे फोटो पसरले आणि जगभर अनेकांनी ते अटलांटिकमध्ये जहाजांवरून फेकल्या गेलेल्या गुलामांचं स्मारक मानलं. शिल्पकाराचा मूळ हेतू तो नव्हता, त्याने तसं सांगितलंही. पण लोकांनी तो अर्थ सोडला नाही. अंदाजे सव्वा कोटी माणसांना आफ्रिकेतून जहाजांवर चढवलं गेलं, त्यांतली १८ लाख वाटेतच मेली, आणि ज्या समुद्राने त्यांना गिळलं त्यात त्यांच्यासाठी जवळपास काहीच उभं नव्हतं. लोकांना ती जागा हवी होती. त्यांनी ती स्वतःची करून घेतली.

कोण ठेवतं याच्याइतकंच कोण येऊन ते आपलं म्हणतं, हेही मला मोजावंसं वाटतं.

---

शेवाळ

मुक्ता, बार्नॅकलकडे वळल्याबद्दल तुम्ही रागावलात, पण मला ही दोन स्थलांतरं वेगळी करताच येत नाहीत. सायप्रसचं उदाहरण देते.

आयिया नापाला २०२१ मध्ये पाण्याखाली एक शिल्पवन उघडलं, ९३ शिल्पं, आठ ते दहा मीटर खोली. झाडं आणि लपाछपी खेळणारी मुलं. सायप्रस हे सीरिया आणि लेबनॉनहून निघणाऱ्या माणसांचं जवळचं युरोपीय बेट. त्याच पाण्यात आता लायनफिश हा मासा मोठ्या संख्येने आहे, जो मूळचा भूमध्य समुद्रातला नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रातल्या शेकडो जाती त्या वाटेने भूमध्य समुद्रात शिरल्या. पाणी तापत गेलं तसं त्यांना तिथे राहणं सोपं झालं. जगभरच्या सागरी जीवांच्या नोंदी एकत्र केल्या तर दिसतं की त्यांच्या वस्तीची पुढची कड दर दशकाला सरासरी ७२ किमी थंड पाण्याकडे सरकते आहे. जमिनीवरचे जीव याच्या आसपासही सरकत नाहीत.

किनारे बदलताहेत म्हणून मासे हलताहेत, मासे हलले म्हणून मच्छीमार हलताहेत, शेतात खारं पाणी शिरलं म्हणून शेतकरी शहराकडे निघालेत. शिल्पावर बसणारा जीव हा त्या एकाच हालचालीचा भाग आहे. त्याचा अभ्यास करताना मी माणसांना विसरत नाही.

ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला 'ओशन सायरन' नावाचं शिल्प आहे, किनाऱ्यालगत पाण्यात उभं. ग्रेट बॅरिअर रीफच्या डेव्हिस रीफवरच्या केंद्राकडून पाण्याचं तापमान येतं आणि त्यानुसार पुतळ्याचा रंग बदलतो. तापलं की लाल. समुद्र तापतोय हे शहरातल्या माणसाला रोज संध्याकाळी दिसावं यासाठी मला हे फार नेमकं वाटतं.

---

मुक्ता

रागावले नव्हते हो. सायप्रसचं पटलं. मासे परवान्याशिवाय सीमा ओलांडतात आणि माणसं अडवली जातात, हे त्या पाण्यातलं शिल्प बघताना मनात आल्याशिवाय राहणार नाही. लांझारोतेला 'क्रॉसिंग द रूबिकॉन' आहे ना, तळावरून भिंतीकडे चालत जाणारी पस्तीस माणसं. तीस मीटर लांबीची भिंत समुद्रतळाशी. वरून, बाजूने, कुठूनही मासा ती पार करतो. ते शिल्प मला 'राफ्ट'पेक्षा कितीतरी जास्त पटतं, कारण त्यात कुणाचाही मृत्यू वापरलेला नाही.

---

किनारपट्टी

सगळ्यांनी शिल्पकार, जीव आणि प्रेक्षक यांच्याबद्दल लिहिलं. किनाऱ्यावर आधीपासून असणाऱ्यांबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

क्रॉस्बीचे पुतळे राहावेत की जावेत यावर तेव्हा खरा वाद झाला होता. छोट्या होड्यांच्या वाटेत लोखंडी माणसं उभी, भरतीत ती दिसत नाहीत, होडी आपटली तर? पुतळ्यांच्या नादाने लोक चिखलात लांब जातात आणि भरतीत अडकतात, ही तटरक्षकांची चिंता. शिवाय तो किनारा हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडून येणाऱ्या पाणपक्ष्यांचा आहे. ओहोटीच्या वेळी ते चिखलात किडे शोधतात आणि माणसं जवळ आली की उडतात. लांबच्या प्रवासावरून आलेल्या पक्ष्याला त्या वेळचं खाणं चुकवून चालत नाही. शेवटी काही पुतळे हलवून तडजोड झाली. स्थलांतरावरच्या शिल्पाला स्थलांतरित पक्ष्यांसाठी बाजूला सरकावं लागलं. मला हे त्या शिल्पाचं अपयश वाटत नाही, त्याच्या कथेचाच भाग वाटतो.

इटलीच्या तस्कनी प्रांतात तालामोनेजवळ तर शिल्पांची सुरुवातच एका मच्छीमाराने केली. पाओलो फान्चुल्ली. रात्री बेकायदा ट्रॉलर (तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या बोटी) येऊन समुद्रतळ खरवडून जायचे, सागरी गवताची कुरणं उद्ध्वस्त व्हायची. त्याने कॅराराचे संगमरवरी ठोकळे मिळवले, शिल्पकारांकडून त्यांची शिल्पं करून घेतली आणि तळाशी सोडली. ट्रॉलचं जाळं त्यांच्यात अडकून फाटतं. तिथे शिल्प हे कुंपण आहे. निशिगंध म्हणतात तसं समुद्राने शिल्पाला काही करायचं, हे ठीक. इथे शिल्प समुद्रासाठी काही करतं.

आणि विरोधही होतो. मालदीवमध्ये टेलरने भरतीच्या पाण्यात अर्धं बुडलेलं एक दालन उभारलं होतं, आत मानवी आकृती. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्या आकृती मूर्ती असल्याच्या कारणावरून सरकारी आदेशाने फोडल्या गेल्या. फोडणं मला मान्य नाही. पण तिथल्या लोकांना आधी कुणी विचारलं होतं का, हाही प्रश्न मला तितकाच खरा वाटतो.

---

रानवारा

मला पोहता येतं, डायव्हिंग येत नाही. यातलं काय प्रत्यक्ष बघता येईल?

---

दर्यावर्दी

रानवारा, मोलिनेरची बरीच शिल्पं उथळ पाण्यात आहेत, स्नॉर्कल लावून वरून दिसतात, काचेच्या तळाच्या होडीतूनही दिसतात. टाउन्सव्हिलचा पुतळा तर किनाऱ्यावरूनच दिसतो, संध्याकाळी जा. लांझारोतेची मात्र खोलवर आहेत, नीट बघायची तर खाली उतरावं लागतं.

क्रॉस्बीला जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रक आधी बघा आणि ओहोटी संपायच्या आत, पाणी अजून उतरत असतानाच पोचा. किनाऱ्याजवळच्या पुतळ्यांपाशीच थांबा. लांबच्यांकडे चालत जायचा मोह होतो, पण तिथे मऊ चिखल आहे, पाय रुततो, आणि सपाट किनाऱ्यावर पाणी समोरून येण्याआधी खोलगट जागांतून मागे शिरतं. तिथल्या सूचनाफलकांवर हेच लिहिलेलं असतं. एक दुर्बीण न्या. लांबच्या पुतळ्यांच्या डोक्यांवर पाणकावळे बसलेले दिसतात, आणि त्यांच्या मागून लिव्हरपूलला येणारी-जाणारी मालवाहू जहाजं.